चोच ओली, डोकं कोरडं

कोंबडीनं डोळा मिटला.

डोळेवालीनं बोट उचललं आणि पुढच्या कोंबडीच्या डोळ्याला टेकवलं. तिनंही मिटला.

सगळे तिला डोळेवालीच म्हणायचे, कारण कत्तलखान्यात तिचं कामच ते होतं. आकड्यांना उलट्या टांगलेल्या कोंबड्या साखळीवरून विजेच्या टाकीत जायच्या. डोकं पाण्यात बुडायचं, शुद्ध हरपायची. बाहेर आल्या की ती डोळ्याला बोट लावून बघायची. नाही मिटला तर ठीक. पुढे सुरीकाका उभे असत, आणि त्यांच्या पुढे कढत पाणी. मिटला, तर कोंबडी जागी आहे, आणि जागी कोंबडी सुरीपर्यंत जाता कामा नये. नियम एवढाच. लहान मुलालाही कळावा, मोठ्यांना मात्र रोज नव्यानं सांगावा लागे.

तिसरीनं तर मान वाकवून वर बघितलं.

डोक्यावर लाल दोरी लोंबत होती. ओढली की साखळी थांबते. पण ओढायची म्हणजे गंमत नव्हे. टाकी आणि सुरीच्या मधल्या अकरा कोंबड्या तिथेच लटकून राहतात, आणि ज्यांची शुद्ध गेली असेल त्याही हळूहळू जाग्या होतात. शिवाय मुकादम भाऊजींनी सकाळीच बजावलं होतं, "आज दोरी ओढलीस तर उद्या येऊ नकोस. आणि ताईकडे रडत जाऊ नकोस." भाऊजी म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. त्यांच्याच शब्दावर तिला हे काम मिळालं होतं.

चौथीनं डोळा मिटला.

तिनं दोरी ओढली.

साखळी कचकन थांबली. यंत्राचा आवाज गेला आणि कोंबड्यांचा ऐकू यायला लागला.

"काका, चिमटा घ्या! अकरा आहेत!"

काकांनी भिंतीवरचा विजेचा चिमटा काढला, डोक्याला लावला, लगेच सुरी. मग पुढची. "च्यायला, ही तर चोच मारतेय मला," ते म्हणाले. "बरोबरच आहे म्हणा तिचं."

भाऊजी धावत आले. "कोणी ओढली? तूच असणार! घरी तुझी बहीण मला बसू देत नाही, इथे तू साखळी चालू देत नाहीस!"

"भाऊजी, जाग्या आहेत."

"मीटर बघ आधी. सकाळी मी स्वतः करंट वाढवलाय. एवढ्या करंटनं बैल आडवा होईल."

"होईल की. बैलाचं डोकं पाण्यात पोचेल." तिनं एका कोंबडीचं डोकं तळहातावर घेतलं. "हे बघा. चोच ओली, डोकं कोरडं. आजचा माल लहान आहे. टाकी चार बोटं वर घ्यायची होती, तुम्ही करंट वर घेतलात."

भाऊजी मीटरकडेच बघत राहिले. दारात दुसरी गाडी येऊन लागली होती. टाकीच्या अलीकडे, मंद निळ्या उजेडात, पन्नासेक कोंबड्या आकड्यांवर लटकत होत्या.

"टाकी वर घ्यायची तर पाव तास जातो," ते आवाज उतरवून म्हणाले. "साहेबांचे तीन फोन येऊन गेलेत. एखाद-दुसरी राहतेच जागी. काका उरकतील." त्यांचा हात हिरव्या बटणाकडे गेला.

ती बटणासमोर जाऊन उभी राहिली.

"एखाद-दुसरी ना? मग तुम्हीच लावा बोट. नाही मिटला तर बटण मी दाबते. उद्यापासून येतही नाही."

"वेडी आहेस का तू?"

"लावा ना. मी दिवसभर लावते."

काका चिमटा हातात धरून थांबले. दोनच उरल्या होत्या. "लवकर काय ते करा," ते म्हणाले. "त्यांना तुमचं नातं माहीत नाही."

भाऊजींनी बोट पुढे केलं. मध्येच अडलं. मग टेकलं. पापणी बोटाखालून सरकली, पातळ, ओलसर. कोंबडीनं डोळा पुन्हा उघडला आणि त्यांच्याकडे बघितलं.

भाऊजींनी हात असा मागे घेतला की कोपर भिंतीवर आपटलं.

"ही एक झाली," ती म्हणाली. "दुसरीला लावता?"

काकांनी दोन्ही कोंबड्यांना चिमटा लावला आणि सुरी फिरवली.

"अलीकडच्या सगळ्या उतरवा!" भाऊजी एकदम टांगणाऱ्या बायकांवर ओरडले. आवाज फाटला होता. "परत क्रेटमध्ये घाला, सगळ्या! आणि पाना आणा कोणीतरी, टाकी वर घ्यायचीय." मग तिच्याकडे न बघता, "चार बोटं?"

"चार."

पाव तासाच्या जागी वीस मिनिटं गेली. साखळी सुरू झाली. पहिली कोंबडी टाकीतून बाहेर आली; डोक्यावरून पाणी निथळत होतं. डोळेवालीनं बोट लावलं. डोळा हलला नाही. दुसरीचाही नाही. दहावीपर्यंत एकीचाही नाही.

मग उद्या यायचं की नाही, ते एकदाचं विचारून टाकावं म्हणून तिनं मान वळवली.

भाऊजी कोपऱ्यातल्या नळाशी होते. एप्रनवर सकाळपासूनचं रक्त तसंच होतं. पाण्याखाली ते एकच बोट धूत उभे होते. साबण लावून, पुन्हा पुन्हा.