गंजलेला बोल्ट

पार्किंगमध्ये व्हॅन जॅकवर होती. माझी सून मैत्री याच व्हॅनमधून मुलं शाळेत सोडते. पुढच्या ब्रेकच्या डिस्क बदलल्याशिवाय उद्या ती एकही मूल बसवणार नव्हती. पण गंजलेला बोल्ट हलेना. तिने पाना आपटला. “पान्याने काय केलंय?” मी म्हणालो. “राग नवऱ्याचाय ना? फोनवर काय म्हणाला अभय?” “म्हणाला, व्हॅन विकून टाक!” “बोलता बोलता ओढ.” तिने ओढलं. “आणखी?” “म्हणाला, पुरे झाली हौस!” बोल्ट करकरला. “आणखी?” “राहू द्या, बाबा.” “बोल.” “म्हणाला, बायको व्हॅन चालवते, हे बंगळूरच्या ऑफिसात कसं सांगू?” पोराला मी इंजिनिअर केलं ते स्वारगेटला रिक्षा चालवून. मीही पाना धरला. दोघांनी हिसडा दिला, बोल्ट सुटला. तेवढ्यात त्याचाच फोन आला. “घे, स्पीकरवर ठेव,” मी म्हणालो. “दुसरं चाक बाकी आहे.”