दिवा लागल्यावर दिलेलं विरजण

कारखान्याच्या विरजणाला विषाणू लागला आणि महिनाभर जिल्ह्यात दही लागेना. घरोघरी तेच एक विरजण होतं.

गिरजाक्कांकडे मात्र माहेरचं होतं, आईच्या हातचं. सुनेच्या हौसेखातर त्यांनी त्यात कारखान्याचं चमचाभर मिसळलं, आणि तेही गेलं. दह्याचा रिकामा सट रोज धुताना त्यांचे डोळे भरून येत.

दिवेलागणीला अन्नपुरवठा कचेरीतली तस्नीम दारात आली. जिवाणूंचं कूळ सांगणारं यंत्र तिच्या हातात होतं.

"आक्का, आमच्या घरी दही लागतंय अजून. कचेरीतल्या जुन्या नमुन्यांत त्याचं मूळ शोधत यंत्र तुमच्या दारात येऊन थांबलं. कुणाला दिलं होतंत विरजण?"

"शेजारच्या बाळंतिणीला. चाळीस वर्षं झाली. सासूबाई केवढ्या ओरडल्या! दिवा लागल्यावर विरजण उंबऱ्याबाहेर देत नाहीत म्हणून."

"ती माझी आजी."

तस्नीमने झाकलेली वाटी पुढे केली. गिरजाक्कांनी वास घेतला, आणि आई स्वयंपाकघरात येऊन उभी राहिल्यासारखं त्यांना वाटलं.

"अगं, पण दिवा लागलाय की!"

"सासूबाई कुठे आहेत बघायला?"

गिरजाक्का डोळे पुसत हसल्या आणि दूध कोमट करायला उठल्या.

"उद्याही दिवा लागल्यावरच ये. आळीतल्या प्रत्येक घरी वाटून येऊ."