एका खात्यावर दोघं

गावच्या पेठेतलं कापडाचं दुकान उघडलं, की अभिमन्यूअण्णा मोबाइलवर कीर्तन लावायचे. गाण्याचं ॲप लेकीच्या खात्यावर चालायचं. अंकिता पुण्यात नोकरीला. एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी आवाज यायचा. त्यामुळं तिकडं ऑफिसात तिनं कानाला हेडफोन लावून गाणी सुरू केली, की इकडं बुवा बोलता बोलता गप्प व्हायचे.

"पोचली पोर," असं पुटपुटत अण्णा गठ्ठे सोडायला घ्यायचे. फोन केला तर ती "मीटिंगमध्ये आहे, अण्णा," एवढंच म्हणायची. म्हणून ते फोन करायचेच नाहीत.

एकदा तिचाच फोन आला.

"अण्णा, रोज माझ्यामुळं तुमचं कीर्तन मधेच बंद पडतंय व्हय? मला आज कळलं. सांगायचं नाही का? तुमचं वेगळं खातं काढलंय बघा. आता निवांत ऐका, कुणी मधे येणार नाही."

"बरं केलंस की," अण्णा म्हणाले. "लई खोळंबा व्हायचा."

दुसऱ्या दिवशी अंकिताची ऑफिसची वेळ झाली, टळूनही गेली, तरी बुवा बोलतच होते. आख्यान संपलं आणि शेवटी आरती लागली. दुकानातली गिऱ्हाईकं हातातली कापडं ठेवून, हात जोडून उभी राहिली.

अण्णा तेवढे मोबाइलकडं बघत बसून होते.