मुलीकडची मंडळी

हेल्मेट काही केल्या श्रीधररावांच्या डोक्यावर बसेना. शेवटी अपूर्वाने पुढे होऊन पट्टा आवळला आणि जाता जाता वडिलांची कॉलरही सारखी केली. निळा शर्ट सकाळी तिनेच इस्त्री करून दिला होता. पक्षी बघायला इस्त्री कशाला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचं सगळं लक्ष ओमकारकडे होतं.

ओमकार रॉटरडॅम बंदरातल्या या तेलाच्या टर्मिनलमध्ये इंजिनियर. टाक्या, पाईप, तारेचं कुंपण. परक्या माणसाला आत मज्जाव. पण इथल्या उंच चिमणीवर बहिरी ससाण्याच्या जोडप्याने संसार मांडला होता आणि खास परवानगी काढली तर तो बघता यायचा. अपूर्वा जेवताना सारखी त्या ससाण्यांबद्दल बोलायची. त्यावरूनच श्रीधररावांना नामी युक्ती सुचली होती.

पाहण्याचा कार्यक्रम म्हटलं की अपूर्वाचं डोकं फिरायचं. इकडे श्रीधररावांचं पुण्याचं परतीचं तिकीट गुरुवारचं. पोरीला परक्या देशात एकटीला टाकून जायचं, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता. म्हणून मराठी मंडळात भेटलेल्या ओमकारच्या आईंशी, नवऱ्यामागे एकट्यानेच मुलाला वाढवलेल्या सुरेखाबाईंशी, त्यांनी फोनवर कट शिजवला. रोज तासभर शिजवला. सुरुवातीला ते त्यांना ‘सुरेखाताई’ म्हणायचे. त्यातलं ‘ताई’ वाटेत कुठेतरी गळलं.

“चौघांचे पास तयार आहेत,” फाटकावरची डच बाई ओमकारला इंग्रजीत म्हणाली. “महिनाभर पाठपुरावा केलात बुवा तुम्ही!”

युक्ती सुचून तर जेमतेम आठवडा झाला होता. बाईंची काहीतरी गफलत झाली असणार, असं म्हणून श्रीधररावांनी फोन जमा केला आणि पिवळं जाकीट चढवलं.

“आत एकट्याने फिरायचं नाही, कायम जोडीने,” ओमकारने बजावलं. “अपूर्वा, आपण पलीकडच्या बांधावर जाऊ. काका, तुम्ही आणि आई इथे बाकावर बसा.”

श्रीधररावांना टाळी वाजवावीशी वाटली. देव पावला तो असा, हेल्मेट घालून!

“बघितलंत आमच्या मुलाला?” सुरेखाबाई बाकावर टेकत म्हणाल्या. “आणि जरा मान राखून बोला हं. आम्ही मुलाकडचे.”

“आम्ही मुलीकडचे, आमची काय बिशाद!” श्रीधररावांनी दिव्याच्या खांबाकडे बोट दाखवलं. “तो बघा, बहिरी ससाणा.”

“कावळा आहे तो, श्रीधरराव.”

दोघं इतके हसले की कावळाच उडून गेला.

सुरेखाबाईंनी पिशवीतून डबा काढला. कांदेपोहे, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड वेगळी. “ओमकार म्हणाला, आज पोहेच कर.”

“पोरगा रसिक आहे,” असं म्हणत श्रीधररावांनी दोनदा घेतले. बायको गेल्यापासून पुण्याच्या घरात ते एकटेच जेवत. टीव्ही लावायचा आणि समोर ताट घ्यायचं. इतक्या गप्पा मारत आपण शेवटचं कधी खाल्लं, हे त्यांना आठवेना. फार बरं वाटत होतं. मुलीचं जमायच्या बेतात आहे म्हणून असेल, असं ते धरून चालले.

तेवढ्यात डोक्यावर किंकाळी उठली. नर ससाणा पायात शिकार घेऊन आला. मादी चिमणीवरून झेपावली, हवेतच उलटी झाली आणि तिने ती शिकार त्याच्या पायांतून अलगद उचलली. सुरेखाबाईंनी श्रीधररावांची बाही घट्ट धरली. ससाणे दिसेनासे झाले तरी ती सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

श्रीधररावांनी हळूच दुर्बीण बांधाकडे वळवली. अपूर्वा आणि ओमकार खांद्याला खांदा लावून उभे होते. दोघांच्या दुर्बिणी नेमक्या बाकावर रोखलेल्या. चिमणी बाकाच्या मागेच होती. ससाणेच बघत असणार. दोघांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. जमलं, श्रीधरराव मनात म्हणाले.

परत फाटकापाशी आल्यावर त्यांनी मुलीला बाजूला घेतलं.

“मग? काय वाटलं?”

“छान वाटलं, बाबा. कितीतरी वर्षांनी.” अपूर्वाचे डोळे भरून आले होते.

“मग मी विचारतो त्यांना. आता उशीर नको.” श्रीधरराव घाईघाईने निघाले. “आपण मुलीकडचे, आपणच नमतं घेऊन...”

समोरून ओमकार हेल्मेट काखेत धरून, कपाळाचा घाम पुसत, बिचकत त्यांच्याकडेच येत होता. मागे सुरेखाबाई डब्याच्या झाकणाशी उगीच चाळा करत उभ्या होत्या.

अपूर्वाने वडिलांना दंडाला धरून थांबवलं आणि त्यांच्या मिशीतलं खोबरं पुसलं.

“ताठ उभे राहा, बाबा. आज आपण मुलाकडचे आहोत.”