माझ्याहून म्हातारं झाड

एकविसाव्या झाडाचं वयही सत्तरच भरलं.

तिने भिंगावरून डोळा काढला, चोळला आणि पुन्हा लावला. झाडाच्या पोटातून गिरमिटाने काढलेली पेन्सिलीएवढी ती कांडी तिनेच लाकडी खाचेत चिकटवली होती, तिनेच घासून गुळगुळीत केली होती. वर्षाला एक वर्तुळ; दर दहाव्या वर्तुळावर सुईचं एक टोचण, पन्नासाव्यावर दोन. टोचणं बरोबर होती. आधीच्या झाडाचं वय एकाहत्तर, त्याच्या आधीच्याचं एकोणसत्तर. जंगल कसलं, एका वर्गातली मुलं होती सगळी!

ऑफिसने काम साधं दिलं होतं. वर्तुळं मोजायची आणि जंगलाची वाढ मंदावली आहे का ते सांगायचं. जंगल कुठलं, ते तिच्यावर सोडलं होतं. तिने सासरच्या घरामागचा उतार निवडला. तिथलं जंगल पूर्वापार आहे असं सगळेच म्हणत, आणि खरं सांगायचं तर दुपारचं जेवण घरचं मिळणार होतं.

पहिल्या दिवशी गिरमिट घेऊन निघाली तेव्हा सासूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. "पाड हवी तितकी भोकं," त्या म्हणाल्या. "पण माझ्याहून म्हातारं झाड तुला तिथं मिळायचं नाही." सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. घरात हशा पिकला.

त्यांच्यावर हसायची घराला सवयच होती. रोज रात्री त्या त्याच खुर्चीत झोपत, पायात बूट घालून. खुर्चीखाली भरलेली पिशवी. दाराला कधी कडी नाही. कुणाच्या लग्नाला गेल्या तरी झोपायला घरी. "आमच्या आईला कायम पहाटेची गाडी गाठायची असते," असं नवरा पाहुण्यांना सांगे, आणि त्याही हसत. घरात शब्द मात्र त्यांचाच चाले. चाळिशीला आलेलं हे शेंडेफळ आईला विचारल्याशिवाय खिडकीचा पडदा बदलत नसे.

पहिल्या सोळा झाडांपुढे तिने वहीत "मध्य चुकला" असं लिहिलं होतं. गिरमिट मध्यापर्यंत पोचलं नाही की वय कमी भरतं, हे या धंद्यातलं पहिलंच पाठांतर. दोन आठवडे ती स्वतःच्या हाताला नावं ठेवत राहिली. मग आणखी पाच झाडं, सगळ्यात जाडजूड, निवडून तिने भोकं पाडली. या वेळी मध्य बरोबर सापडला होता. चूक हाताची नव्हती.

उतारावर जुना बुंधा एकही नव्हता, म्हणजे तोड झाली नव्हती. जळक्या लाकडाची खूण नव्हती, म्हणजे वणवाही नव्हता. सत्तर-बहात्तर वर्षांपूर्वी तिथे एकही झाड नव्हतं, कारण तो उतारच नवा होता. डोंगर सुटून तो वरून खाली आला होता.

तिने सगळ्या कांड्या ऑफिसच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि मग तिला ते दिसलं. शेवटची तीन वर्तुळं उताराच्या खालच्या अंगाला जाड होती, दुप्पट जाड. झाड कलायला लागलं की स्वतःला सावरायला असं करतं. एकवीसच्या एकवीस झाडं तीन वर्षांपासून स्वतःला सावरत होती.

बाहेर आठ दिवस पाऊस थांबला नव्हता. तिची चार वर्षांची मुलगी या वेळी मागच्या खोलीत झोपलेली असे. त्या खोलीची भिंत उताराला लागून होती.

तिने नवऱ्याला फोन लावला. "मुलीला घे आणि घराबाहेर पड. आत्ता. आईंनाही घे."

"आईला?" तो हसला. "तूच ये आणि तूच सांग बाई. माझी नाही हिंमत."

ती गाडी काढून निघाली. काय सांगायचं म्हाताऱ्या माणसाला? वर्तुळं? टोचणं? त्या एक शब्द ऐकणार नाहीत, त्या नाही म्हणाल्या की तो हलणार नाही, आणि पोर आत झोपलेली. सगळ्या वाटेवर तिला तेवढी एक भिंत दिसत होती.

सासूबाई खुर्चीतच होत्या.

"आई, ती झाडं..."

"किती भरलं वय?"

"सत्तर. सगळ्यांचं."

"एखाद्याचं एकाहत्तर असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी सहा वर्षांची होते. लघवीला उठले होते म्हणून अंगणात होते, अनवाणी. मागे वळून बघितलं तर घर नव्हतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"गावातले नऊ जण उरलो आम्ही. मोठ्यांनी शपथ घातली, नाव काढायचं नाही. नाव काढलं की तो ऐकतो म्हणायचे." त्यांनी मागच्या भिंतीकडे नजरेनेच खूण केली. "आता मी एकटीच उरले. तरी तुला सांगितलं की मी. झाडांचं सांगितलं."

आणखी एक गोष्ट सांगायची होती, पण आता तिचीही जीभ उचलेना. तिने नुसता हात वर केला, पंजा झाडासारखा सरळ उभा धरला आणि हळूहळू दाराच्या बाजूला कलवला.

सासूबाई त्या पंजाकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी खुर्चीखालची पिशवी ओढली, उभ्या राहिल्या आणि आतल्या खोलीकडे बघून मुलाला हाक मारली.

"पोरीला उचल रे. गाडी आली."