भिंतीवरचं तेल

"प्रायमर नको, थेट रंग द्या," नवऱ्याने रंगाऱ्याला सांगितलं, तशी हेमांगी उसळली.

"अजिबात नाही! नुसत्या रंगातून तो तेलकट डाग पुन्हा वर येईल."

डाग सासूबाईंचा होता. तेलाने थबथबलेलं डोकं भिंतीला टेकवून त्या मरेपर्यंत तिथेच बसल्या आणि तिथूनच सुनेला टोचत राहिल्या, "चहाला मुहूर्त काढायचाय का गं?"

"आईची तेवढीच खूण उरलीय," नवरा म्हणाला.

"म्हणूनच दोन हात मारा प्रायमरचे!" ती रंगाऱ्यावर खेकसली.

भिंत कोरी करकरीत झाली. रंग वाळला, त्या संध्याकाळी नवऱ्याने आईच्या बाटलीतलं खोबरेल डोक्यावर ओतलं, बरोबर त्याच जागी बैठक मारली आणि हेमांगीकडे रोखून बघत डोकं सावकाश भिंतीला टेकवलं.

"चहाला मुहूर्त काढायचाय का गं?"