भिंतीतली खाट

ममतानं कुलूप उघडलं आणि ती दारातच थांबली. खाट खाली आली होती. सलग तिसऱ्या दुपारी.

निहारला शाळेतून आणायला निघताना तिनं मुद्दाम बघितलं होतं. खाट भिंतीला उभी होती, कडी लागलेली होती. घरात कोणी नव्हतं. किल्ली तिच्या पर्समध्ये.

"आजी झोपायला आली?" निहारनं विचारलं. तिनं त्याला मागं ओढलं.

तिच्या सासूबाई, सरोजाबाईंना जाऊन महिना झाला होता. तेव्हापासून खाट खालीच होती; याच आठवड्यात ती पुन्हा भिंतीला लावली होती.

चार वर्षांपूर्वी मीरा रोडच्या या एका खोलीत ममतानं ब्लाउज आणि पिको-फॉलचं काम सुरू केलं. सासूबाईंना जमिनीवर झोपणं जमत नव्हतं, खाट हवीच होती. पण कापड बेतायला जागा तेवढीच. मग ममतानंच वहीत चित्र काढलं. रात्री खाट, दिवसा भिंत. स्प्रिंगा अशा, की एका बोटानं वर जावी. कडी मात्र उंच, नवऱ्याच्या, ईश्वरच्या हाताला येईल अशी. लहानग्या निहारच्या अंगावर पडायला नको. सगळी बिल्डिंग बघायला आली होती.

सरोजाबाई दिवसभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एकदा विचारलं होतं, "दुपारी घटकाभर पाडायची का गं?"

"आई, गिऱ्हाईक येतं," ममता मशीनवरून मान न उचलता म्हणाली होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता मशीन चालवताना ममताला तेच ऐकू यायचं. शेजारच्या हंसाबेन म्हणाल्या, "कुछ मन में रह गया होगा उनके." त्या दिवसापासून ती एकटी घरात थांबेना.

शेवटी ईश्वरनं जवळच्या खारी गावाहून समाधान सुताराला बोलावलं. खाट त्यानंच बनवली होती. तो आला आणि वरच्या कडीकडे न बघता खाली वाकून चौकटीच्या कडेला बोटं फिरवू लागला.

"वहिनी, इथली खुंटी कुठंय?"

"कसली खुंटी?"

समाधाननं बोटानं वरची कडी हलवून दाखवली. मग म्हणाला, "वरची कडी नुसती दिसायला आहे. मीच घासून ठेवलीय. पकड सगळी या खुंटीची. ती नसली की दुपारी पाण्याचा पंप सुरू होतो ना, त्याच्या हादऱ्यानं खाट सुटते."

"कडी घासली? कुणी सांगितलं तुला?"

"आजींनी. खाट बसवली त्याच आठवड्यात. तुम्ही निहारला आणायला गेलात की अर्धा तास पाठ टेकायच्या. तुम्ही यायच्या आत खाट वर, खुंटी आत. रोज ती लावणं-काढणं त्यांच्याच हाती, एरवी खुंटी त्यांच्या कनवटीला."

ममता खाटेच्या कडेवर बसली. चार वर्षं. स्वतःच्याच घरात, चोरून.

"मला का नाही सांगितलं त्यांनी?" तिनं विचारलं.

समाधाननं पिशवीतून लाकडाचा तुकडा काढला आणि तो तासायला घेतला.

"मी म्हटलं होतं, वहिनींशी बोलतो, त्या बदलून घेतील. तर म्हणाल्या, नको रे. पोरीनं एवढं डोकं लावून केलीय. तिच्या खाटेत खोट काढल्यासारखं होईल."